रिकामे वसतिगृह : महाविद्यालयीन स्लॅशरपटांतील भय आणि पालकत्व

१

स्लॅशर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटांची समीक्षा गेली चार दशके प्रामुख्याने एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे. धारदार शस्त्राने एकामागून एक तरुणांचे बळी घेणारा मारेकरी आणि त्याच्या हातून अखेरीस निसटणारी एक मुलगी, एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर उभा राहणारा हा चित्रपटप्रकार स्त्रीच्या स्वातंत्र्याला शिक्षा ठोठावतो काय, हा तो प्रश्न होय. १९८० साली जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या अमेरिकी समीक्षकद्वयाने दूरचित्रवाणीवरील आपल्या कार्यक्रमात या चित्रपटांवर तसा उघड आरोप केला. भयपटातील राक्षस म्हणजे समाजाने दडपलेल्या गोष्टींचे पुनरागमन, अशी महत्त्वाची मांडणी १९७९ मध्ये करणाऱ्या रॉबिन वुड यांनीही पुढे स्लॅशरपटांना प्रतिगामी ठरवले. कॅरल क्लोव्हर यांच्या १९८७ च्या निबंधाने आणि १९९२ च्या ग्रंथाने चर्चेची दिशा बदलली. अखेरीस उरणारी मुलगी ही केवळ बळी नसून तरुण पुरुषप्रेक्षकही तिच्याच जागी स्वतःला ठेवतो, असे त्यांनी दाखवून दिले. रिचर्ड नॉवेल यांनी २०११ मध्ये निर्मितीव्यवहाराचा इतिहास तपासून हे चित्रपट मुलींनाही प्रेक्षक म्हणून डोळ्यांपुढे ठेवून तयार झाले, असे प्रतिपादन केले.

या सर्व मांडण्यांचे मोल मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. या चर्चेत मारणारा आणि मरणारी यांचा विचार पुष्कळ झाला, त्यामानाने ज्या जागी हे सारे घडते त्या जागेचा विचार थोडा झाला. १९७४ ते १९८४ या दशकातील कमी खर्चाच्या स्लॅशरपटांचा एक ठळक गट महाविद्यालयाच्या आवारात, विशेषतः वसतिगृहात घडतो. हा योगायोग मानता येत नाही. तेथील भयाचा बारकाईने विचार केल्यास असे दिसते, की मुलींनी घेतलेले स्वातंत्र्य हा या चित्रपटांचा वरवरचा विषय आहे. त्यांच्या तळाशी असलेला विषय हा, की त्या स्वातंत्र्याच्या काळात पालकाची जागा रिकामी झाली आणि ती कोणी भरून काढायची याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. या रिकाम्या जागेचा शोध घेतला, तर शिक्षा की समर्थन या द्वंद्वात अडकलेल्या जुन्या प्रश्नाकडेही वेगळ्या रीतीने पाहता येते.

२

या चित्रपटांच्या रूपबंधाची पहिली अट आर्थिक आहे. जॉन कारपेंटर यांचा 'हॅलोवीन' (१९७८) सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने एकट्या अमेरिकेत चार कोटी सत्तर लाख डॉलरच्या आसपास उत्पन्न मिळवले. अशा यशानंतर अननुभवी दिग्दर्शक, अपरिचित नट आणि तुटपुंजे भांडवल यांवर हाच साचा पुन्हा गिरवला जाणे अपरिहार्य होते. अशा निर्मात्याला महाविद्यालयाचे आवार फार सोयीचे असते. लांबलचक मार्गिका, जिने, तळघर, ग्रंथालय आणि एकसारख्या खोल्यांच्या रांगा तेथे आयत्या मिळतात. पात्रे तरुण असल्याने नामवंत नटांची गरज भासत नाही. मात्र हे आवार चित्रीकरणासाठी मिळायचे तर ते रिकामे असावे लागते, म्हणजेच सुटी असावी लागते. 'द डॉर्म दॅट ड्रिप्ड ब्लड' (१९८२) हा चित्रपट जेफ्री ओब्रो आणि स्टीफन कारपेंटर या लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केला. बंद होणाऱ्या एका वसतिगृहातील सामान हलवण्यासाठी नाताळच्या सुटीत मागे राहिलेल्या मूठभर विद्यार्थ्यांची ही कथा आहे. निर्मितीची अडचणच येथे कथावस्तू बनली आहे.

साधनांच्या दारिद्र्यातून घडलेली ही कालयोजना या गटाची ओळखखूण ठरली. 'ब्लॅक ख्रिसमस' (१९७४) नाताळच्या सुटीच्या तोंडावर घडतो, 'टेरर ट्रेन' (१९८०) वर्षअखेरीच्या रात्री, 'फायनल एक्झाम' (१९८१) सत्रान्त परीक्षेच्या दिवसांत, तर 'द हाऊस ऑन सोरॉरिटी रो' (१९८३) पदवी मिळाल्यानंतर घर सोडण्यापूर्वीच्या एक-दोन दिवसांत. शैक्षणिक वर्षाच्या सांध्यावर उभे असलेले हे दिवस आहेत. अशा दिवसांत कोण गेले आणि कोण राहिले याची नोंद कोणी ठेवत नाही. जी मुलगी दिसत नाही ती घरी गेली असेल असे मैत्रिणींना वाटते आणि घरच्यांना ती अजून वसतिगृहातच असेल असे वाटते. एकेका बळीची अनुपस्थिती कोणाच्या लक्षात येऊ नये, ही या कथाप्रकाराची मूलभूत गरज. आणि हजेरी न घेणाऱ्या संस्थेच्या आवारात ती आपोआप भागते. भरताने भयाच्या विभावांत अरण्याबरोबर शून्यगृहाचीही गणना केली आहे. येथे शून्यत्व वास्तूपुरते राहत नाही. संस्थेच्या लक्षातून माणूस गळून पडणे, हे त्याचे अधिक भयप्रद रूप आहे.

३

हे शून्यत्व कोठून आले हे कळण्यासाठी अमेरिकी उच्चशिक्षणाच्या इतिहासाकडे वळावे लागते. महाविद्यालय हे विद्यार्थ्याच्या आईबापांच्या जागी आहे, हे तत्त्व तेथील न्यायालयांनी दीर्घकाळ मान्य केले होते. १९१३ साली केंटकीतील बेरिया महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना गावातील विशिष्ट उपाहारगृहांत जाण्यास केलेली मनाई याच तत्त्वावर न्यायालयाने वैध ठरवली. या पालकत्वाचा भार मुलींवर अधिक पडत असे. रात्री ठरावीक वेळेच्या आत परतण्याचे बंधन अनेक ठिकाणी केवळ मुलींनाच असे. सोरॉरिटी म्हणजे स्वतःचे निवासगृह असलेली विद्यार्थिनींची संघटना. अशा निवासगृहावर देखरेख करणाऱ्या गृहमातेचे स्थान मराठी वसतिगृहांतील रेक्टरबाईंच्या जवळपासचे होते.

ही व्यवस्था मोडली ती एका न्याय्य लढ्यातून. अलाबामा राज्य महाविद्यालयातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९६० साली वर्णभेदाविरुद्ध उपाहारगृहात धरणे धरले. त्यांपैकी काहींना कोणतीही सुनावणी न देता काढून टाकण्यात आले. १९६१ च्या डिक्सन खटल्यात न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली आणि आईबापांच्या जागी असलेल्या संस्थेच्या अनिर्बंध अधिकाराला पहिला मोठा तडा गेला. पुढील दहा वर्षांत मुलींच्या वेळा गेल्या, बहुतेक गृहमाता गेल्या, १९७१ च्या घटनादुरुस्तीने अठराव्या वर्षी मताधिकार मिळाला. विद्यार्थी प्रौढ नागरिक ठरला. परंतु अधिकार सोडणाऱ्या संस्थेची जबाबदारीही संपली काय, या प्रश्नाचे उत्तर कोणाला ठाऊक नव्हते. १९७९ च्या ब्रॅडशॉ खटल्यात संघीय अपील न्यायालयाने, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची हमी देणे आधुनिक महाविद्यालयाकडून अपेक्षित नाही, अशा आशयाचा निर्णय दिला. १९८३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र, वसतिगृहात शिरलेल्या माणसाने विद्यार्थिनीवर केलेल्या अत्याचाराबद्दल पाइन मॅनॉर महाविद्यालयाला जबाबदार धरले. महाविद्यालयीन स्लॅशरपटांचा पहिला बहर नेमका या दोन निर्णयांच्या दरम्यानचा आहे. या निर्मात्यांनी न्यायालयीन निकाल वाचले होते, असे येथे सुचवायचे नाही. ज्या संदिग्धतेत न्यायालये चाचपडत होती त्याच संदिग्धतेत हे चित्रपटही वावरत होते, एवढेच म्हणायचे आहे.

४

या गटाचा आद्य आणि सर्वांत समर्थ चित्रपट म्हणजे बॉब क्लार्क यांचा 'ब्लॅक ख्रिसमस'. हा कॅनडात तयार झाला. त्याची पटकथा रॉय मूर यांची. सोरॉरिटीच्या घरात अश्लील, विकृत दूरध्वनी येत राहतात. मारेकरी पहिल्याच दृश्यात माळ्यावरून घरात शिरलेला आहे आणि तो शेवटपर्यंत तेथेच राहतो. क्लेअर ही पहिला बळी ठरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुदमरलेला तिचा देह माळ्यावरच्या खिडकीपाशी झुलत्या खुर्चीत बसवून ठेवलेला आहे. रस्त्यावरून कोणी मान वर केली तर तो दिसू शकेल, आणि नेमके तेच कोणी करीत नाही.

या घराभोवती पालकांची एक संपूर्ण मालिका दिग्दर्शकाने रचली आहे. गृहमाता मिसेस मॅक घरभर दारूच्या बाटल्या लपवून ठेवते. ती प्रेमळ आहे, पण तिचे लक्ष नाही. क्लेअरचे वडील मुलीला न्यायला येतात. त्यांची नजर भिंतीवरील चित्रांवर आणि मुलींच्या वागण्यावर नापसंतीने खिळते. मुलगी त्याच छपराखाली आहे हे त्यांना समजत नाही. पोलीसठाण्यातील शिपाई तक्रार हसण्यावारी नेतो. नायिका जेस हिचा प्रियकर पीटर तिच्या गर्भपाताच्या निर्णयाने संतापतो आणि तिच्या देहावर पालकाचा हक्क सांगू पाहतो. यांतील कोणीही दुष्ट नाही. प्रत्येक जण पाहतो, परंतु जे पाहायला हवे ते सोडून दुसरेच काही पाहतो. मुलींच्या नैतिकतेवर लक्ष आहे, मुलींवर नाही, असा हा विरोधाभास चित्रपटाने कोणतेही भाष्य न करता दृश्यातून उभा केला आहे.

त्यातील प्रसिद्ध कलाटणी, म्हणजे दूरध्वनी त्याच घरातून येत असल्याचा शोध, ही या संदर्भात केवळ धक्क्याची युक्ती राहत नाही. बाहेरच्या संकटापासून रक्षण करणारी वास्तू म्हणून ज्या घराचा विचार झाला, त्याच्या आतच संकट आहे. अखेरीस जेस तळघरात पीटरला मारेकरी समजून ठार करते. पोलीस समाधान पावतात. तिला गुंगीचे औषध देऊन झोपवले जाते, क्लेअरच्या वडिलांना शुद्ध हरपल्याने हलवावे लागते आणि ज्या घराचा माळा कोणी तपासलेलाच नाही त्या घरात ती एकटी उरते. पुन्हा दूरध्वनी वाजू लागतो.

जेसला येथे शिक्षा होते काय? ती गर्भपाताचा निर्णय बदलत नाही आणि चित्रपट त्यासाठी तिला खजीलही करीत नाही. तिच्यावर ओढवणारे संकट तिच्या निर्णयातून आलेले नाही. ज्यांनी माळा पाहायचा होता त्यांनी तो पाहिला नाही, यातून ते आले आहे. शिक्षेच्या सिद्धान्ताला हा चित्रपट पहिल्यापासूनच पुरून उरतो तो यामुळे. वास्तवाने त्याला दिलेली दाद मात्र भीषण होती. जानेवारी १९७८ मध्ये फ्लोरिडा राज्य विद्यापीठातील एका सोरॉरिटीच्या घरात मध्यरात्री शिरलेल्या माणसाने दोन विद्यार्थिनींचा जीव घेतला. त्याच महिन्यात हा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवला जायचा होता, तेव्हा त्या परिसरातील केंद्रांना तो न दाखवण्याची मुभा देण्यात आली.

५

१९८० नंतरच्या चित्रपटांत एक नवा घटक येतो, तो म्हणजे विद्यार्थ्यांनी केलेली क्रूर थट्टा. तिचा उगम भयपटात नाही, विनोदी चित्रपटात आहे. 'अ‍ॅनिमल हाऊस' (१९७८) या अफाट लोकप्रिय चित्रपटाने महाविद्यालयीन दांडगाईला उत्सवाचे रूप दिले. त्यातील विध्वंसाला परिणाम नसतात. डीन हा तेथे केवळ हास्यविषय आहे. स्लॅशरपटाने तीच थट्टा उचलली आणि विनोदाने गाळलेला परिणाम तिला परत जोडून दिला. 'टेरर ट्रेन'मध्ये फ्रॅटर्निटीतील, म्हणजे मुलग्यांच्या संघटनेतील, वैद्यकीय शिक्षणाच्या वाटेवरचे विद्यार्थी एका भाबड्या सोबत्याला मुलीचे आमिष दाखवून तिच्याऐवजी शवाच्या शेजारी झोपवतात. त्याचे मन कायमचे ढासळते आणि तीन वर्षांनी तो सूड घ्यायला येतो. मार्क रॉसमन यांच्या 'द हाऊस ऑन सोरॉरिटी रो'मध्ये निरोपाच्या मेजवानीस मनाई करणाऱ्या गृहमातेला, मिसेस स्लेटरला, पिस्तुलाचा धाक दाखवून घाणेरड्या जलतरण तलावात उतरवले जाते. थट्टेत तिचा मृत्यू होतो. मुली प्रेत त्याच तलावात लपवतात आणि मेजवानी ठरल्याप्रमाणे पार पडते.

भरताने भयानकाचे व्याज, अपराध आणि वित्रास यांवरून तीन प्रकार केले आहेत, तसेच भयाच्या कारणांत गुरू व राजा यांच्याप्रती घडलेल्या अपराधाचाही समावेश केला आहे. या दोन चित्रपटांची रचना त्या तीन पायऱ्यांनी चढते असे म्हटले, तर ते केवळ चमत्कृतीसाठी नव्हे. भरताचे व्याज म्हणजे भयाचे सोंग. येथे सोंग आहे ते भीती घालण्याचे. हा भेद लक्षात ठेवूनही, सोंगातून अपराध, अपराधातून खरा त्रास, हा क्रम स्पष्ट दिसतो. विशेषतः दुसऱ्या चित्रपटात अपराध गुरुस्थानी असलेल्या स्त्रीविरुद्ध घडतो. तिच्या मृत्यूनंतर मुलींना जे हवे होते ते मिळते, म्हणजे कोणाचीही देखरेख नसलेले घर. आणि त्याच क्षणी त्या घरात त्यांचे रक्षण करणारे कोणी उरत नाही. परंतु हा चित्रपट गृहमातेचीही बाजू घेत नाही. तिने आपला विकृत मुलगा वर्षानुवर्षे लपवून ठेवलेला आहे आणि तोच मारेकरी आहे. जुन्या पालकत्वाच्या पोटातही एक गुपित होते. त्याच्या काळाकडे परत फिरा असे सांगण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

जिमी ह्यूस्टन यांच्या 'फायनल एक्झाम'मध्ये ही थट्टा सर्वांत अस्वस्थ करणारे रूप घेते. परीक्षेत नक्कल करता यावी म्हणून फ्रॅटर्निटीचे सदस्य मुखवटे घालून गाडीतून येतात आणि आवारात बेछूट गोळीबाराचा देखावा करतात. खोटी प्रेते पडतात, खरे विद्यार्थी भयाने धावतात. पुढे खरा मारेकरी येतो तेव्हा रॅडिश या हुशार मुलाने केलेला दूरध्वनी शेरीफ खोटा समजून झिडकारतो. या मारेकऱ्याला नाव नाही, मुखवटा नाही, हेतू नाही. पुष्कळ प्रेक्षकांना हा चित्रपट कंटाळवाणा वाटतो, कारण त्याच्या पूर्वार्धात जवळजवळ काहीच घडत नाही. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये बत्तीस जणांची हत्या झाल्यानंतर मात्र त्या देखाव्याच्या दृश्याकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. थट्टा म्हणून ज्याची कल्पना १९८१ साली सुचू शकत होती, ते पुढे वास्तव झाले. चित्रपटाने भविष्य वर्तवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु धोक्याची सूचना हीच अविश्वसनीय होऊन बसली आहे, हे त्याने अचूक टिपले.

६

पालकाची जागा रिकामी असेल तर ती भरू पाहणारे कोण, हा पुढचा प्रश्न. या चित्रपटांचे उत्तर विलक्षण एकमुखी आहे. सर्जिओ मार्टिनो यांच्या पेरुजा येथील विद्यापीठाभोवती घडणाऱ्या 'टॉर्सो' (१९७३) या इटालियन पूर्वसुरीत मारेकरी कलेतिहासाचा अध्यापक आहे. बॉस्टनमध्ये घडणाऱ्या 'पीसेस' (१९८२) या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या चित्रपटात तो विद्यापीठाचा डीन आहे, तर 'स्प्लॅटर युनिव्हर्सिटी'मध्ये (१९८४) महाविद्यालयातील पाद्री. 'नाइट स्कूल'मध्ये (१९८१) मानववंशशास्त्राच्या प्राध्यापकाची साहाय्यक आणि प्रेयसी त्याच्या विद्यार्थिनींचा शिरच्छेद करीत सुटते. ज्ञान, शिस्त आणि धर्म यांच्या नावाने उभी असलेली माणसेच येथे शस्त्र उचलतात. स्वैर मुलींना धडा शिकवणे हा त्यांच्यातील काहींचा हेतू असतोही; पण चित्रपट तो हेतू वेडेपणाच्या खात्यावर टाकतो. शिक्षा करण्याची वासना मारेकऱ्याच्या ठिकाणी आहे, म्हणून ती चित्रपटाची भूमिका ठरत नाही. शिक्षेचा आरोप करणाऱ्या समीक्षेने हा भेद अनेकदा दृष्टीआड केला आहे.

मात्र या बचावालाही मर्यादा आहे. मारेकऱ्याचा दृष्टिकोन आणि कॅमेऱ्याचा दृष्टिकोन यांत अंतर राखण्याची शिस्त थोड्याच चित्रपटांनी पाळली. 'पीसेस'मध्ये डीनला वेडा ठरवून झाले तरी त्याच्या शस्त्राने तुटणाऱ्या स्त्रीदेहावर रेंगाळणारा कॅमेरा वेडा ठरत नाही. तो तिकीटबारीकडे पाहून चाललेला असतो. 'ब्लॅक ख्रिसमस'ची श्रेष्ठता येथेच कळते. मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याचे तंत्र त्यातही आहे, परंतु बळीच्या देहाचे प्रदर्शन नाही.

अखेरीस उरणाऱ्या मुलीचा विचारही याच चौकटीत करायला हवा. भरताच्या मते भय हा स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठायी आढळणारा भाव आहे. स्लॅशरपट याच संकेतापासून निघतो आणि शेवटी तो उलटवतो. भयाचा आश्रय असलेली मुलगी शस्त्र उचलते, आणि भयानकाची जागा काही क्षण वीररस घेतो. मूळच्या प्राचीन नॉर्स साहित्याच्या अभ्यासक असलेल्या क्लोव्हर यांना या पुनरावृत्त साच्यात मौखिक परंपरेचे धर्म दिसले, ते उगीच नव्हे. महाविद्यालयीन गटात या मुलीला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. ती स्वतःच पालक होते. दार लावले का हे तीच पाहते, कोण परतले नाही हे तिच्याच लक्षात येते. संस्थेने सोडलेली हजेरी ती घेते. 'हेल नाइट'मधील (१९८१) मार्टी वाचते ती वडिलांच्या गॅरेजात शिकलेल्या कामाच्या बळावर. श्रीमंत सोबत्यांना बंद पडलेली गाडी चालू करता आली नसती. विद्यापीठाने शिकवलेले तिच्या उपयोगी पडत नाही, घरच्या कष्टाने शिकवलेले पडते.

पण ही स्वयंसिद्धता नेहमी पुरेशी ठरत नाही, हे सांगण्याचे धैर्य काही अगदी गरीब चित्रपटांनी दाखवले. 'स्प्लॅटर युनिव्हर्सिटी'ची नायिका विद्यार्थिनी नाही, अध्यापिका आहे आणि ती वाचत नाही. 'द डॉर्म दॅट ड्रिप्ड ब्लड'मध्ये पोलीस भलत्याच माणसावर गोळी झाडतात, मारेकरी असलेला सहाध्यायी मोकळा राहतो आणि सर्व नियम पाळणारी जोअ‍ॅन भट्टीत जळते. बाहेर उभ्या पोलिसांना केवळ धुराचा वास येतो. चित्रपट म्हणून ही कृती ओबडधोबड आहे, परंतु तिचा शेवट या गटातील सर्वांत निष्ठुर आणि कदाचित सर्वांत प्रामाणिक शेवट आहे. जबाबदार व्यक्ती एकटी असेल तर तिची जबाबदारी तिला वाचवू शकत नाही, हे तो सांगतो.

७

या चित्रपटांना जे दिसले त्याबरोबर जे दिसले नाही तेही नोंदवले पाहिजे. जुने पालकत्व मोडले ते अलाबामातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या लढ्याने. पण त्याच्या परिणामांची भीती रंगवणाऱ्या या चित्रपटांतील आवार जवळजवळ पूर्णपणे गोरे आहे. स्वातंत्र्य कोणी मिळवले याची स्मृतीच तेथे नाही. मारेकरी बहुधा वेडा, लपवलेला किंवा बाहेरचा असावा, हा संकेतही वास्तवाशी फारसा जुळणारा नव्हता. १९८६ साली पेनसिल्व्हेनियातील एका विद्यापीठाच्या वसतिगृहात एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा खून झाला तो दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातून. आपोआप बंद होणारी तीन दारे विद्यार्थ्यांनीच अडकण लावून उघडी ठेवली होती. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून १९९० मध्ये कायदा झाला आणि आवारातील गुन्ह्यांची आकडेवारी जाहीर करणे संस्थांना बंधनकारक ठरले. पुढे क्लेरी कायदा म्हणून ओळखल्या गेलेल्या या कायद्याने जुने पालकत्व परत आणले नाही. मुलींना रात्री कोंडून ठेवा असे त्याने सांगितले नाही. आपल्या माळ्यावर काय आहे ते उघड करा, असे संस्थांना सांगितले. स्वातंत्र्य काढून न घेता लक्ष ठेवता येते, हा पर्याय ज्या चित्रपटांच्या कल्पनेत कधी आला नाही त्यांची उणीव येथे स्पष्ट होते.

पुढील काळात महाविद्यालयीन स्लॅशरपट श्रीमंत आणि आत्मजाणता झाला. 'स्क्रीम २'मध्ये (१९९७) वर्गात चित्रपटांच्या उत्तरभागांवर चर्चा चालते, 'अर्बन लेजंड'मध्ये (१९९८) लोककथांचा प्राध्यापक मारेकऱ्याच्या पद्धतीच शिकवत असतो. या प्रकारात विद्यापीठ हे राहण्याचे ठिकाण न राहता स्लॅशरपटाविषयी बोलण्याचे ठिकाण झाले आणि वसतिगृहाच्या शांततेची जागा संदर्भांच्या गजबजाटाने घेतली. सोफिया टकाल यांनी २०१९ मध्ये 'ब्लॅक ख्रिसमस' नव्याने केला, तेव्हा त्यांनी संस्थेला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. अत्याचाराची तक्रार करूनही जिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही अशी नायिका, तिच्याविरुद्ध फ्रॅटर्निटी आणि तिच्या पाठीशी असलेला प्राध्यापक, ही योजना धीट आहे. परंतु संस्थापकाच्या पुतळ्यातून पाझरणाऱ्या जादूमुळे मुलगे हिंसक होतात असे स्पष्टीकरण येताच आरोपाची धार बोथट होते. ज्याला जादूची गरज नव्हती अशा दुर्लक्षाचे भय १९७४ च्या चित्रपटाने उभे केले होते.

तेव्हा हे चित्रपट स्त्रीच्या स्वातंत्र्याला शिक्षा करतात काय, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. त्यांच्यातील निकृष्ट कृती तसे करतात, कारण त्यांचा कॅमेरा मारेकऱ्यापासून वेगळा होत नाही. उत्तम कृती मात्र मुळातल्या प्रश्नाचीच चूक दाखवून देतात. मुलींनी काय केले, हे विचारणारा प्रत्येक जण त्यांच्यात माळ्याकडे पाठ करून उभा आहे. स्लॅशरपटाच्या समीक्षेनेही दीर्घकाळ तेच केले. मुलीच्या वर्तनाचा निवाडा करण्यात गुंतलेल्या त्या समीक्षेने घराचा नकाशा उलगडून पाहिला नाही. स्वस्तात आणि घाईत तयार झालेल्या या कृतींना वाङ्मयीन प्रतिष्ठा देण्याचे कारण नाही. पण मुक्त झालेल्या माणसाची काळजी कोणी घ्यायची, हा आधुनिक संस्थांपुढील प्रश्न त्यांनी रिकाम्या मार्गिकेच्या एका दृश्यात ज्या थेटपणे मांडला, तसा तो त्या काळातील प्रतिष्ठित चित्रपटांनी क्वचितच मांडला.